गाडी घाटात मान टाकते आणि गॅरेजवाला गाडी सोडत नाही

प्रश्न : वकीलसाहेब, माझी जुन्या टाटा ४०७ ट्रकवर बसवलेली टोइंगची क्रेन आहे, २०१० ची. गाडी पत्नीच्या नावावर आहे. चालवतो मी, हुकाला भाचा असतो. शिरवळ ते खंबाटकी घाट या पट्ट्यात बंद पडलेल्या गाड्या उचलतो, घर त्यावरच चालतं. चौदा महिन्यांपासून इंजिनाचा एकच त्रास आहे. मोकळी गाडी मस्त पळते. मागे गाडी अडकवून चढ लागला की पिकअप जातो, झटके देते आणि बंद पडते. अर्धा तास थांबलं की परत सुरू. एकाच गॅरेजला आधी फिल्टर आणि टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप बदलला (९,५००), मग पंप-नोझल (३४,०००), मग इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवून गॅस्केट आणि व्हॉल्व्हचं काम (५२,०००). पक्कं बिल फक्त पंप-नोझलचं, बाकी साध्या चिठ्ठ्या. त्रास जसाच्या तसा. आता ते म्हणतात, हाफ इंजिन, म्हणजे इंजिन उघडून अर्धं नवं, करावं लागेल, ८०,००० लागतील. मी नको म्हटलं तर गाडी अडवून ठेवली आहे आणि १८,००० मागतात : खोलून बघण्याचे ६,०००, मागची बाकी ५,००० आणि जागाभाडं ७,०००. मागच्या महिन्यात घाटात गाडी बंद पडून मागे सरकली, हुकावरच्या कारचा मागचा भाग कठड्याला घासला. तो मालक ३५,००० मागतोय. भाचा म्हणतो, डुप्लिकेट किल्लीने रात्री गाडी काढून आणू. फसवणुकीची केस करता येईल का?

उत्तर : आधी भाच्याला थांबवा. बाकीचं सगळं सावकाश बघता येईल.

स्वतःची गाडी आपणच आणली तर चोरी कशी, असं त्याला वाटत असणार. पण भारतीय दंड संहितेत चोरीच्या व्याख्येखाली घड्याळाचं एक उदाहरण होतं, आणि ते तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्येही आहे. घड्याळ दुरुस्तीला दिलं, मजुरी द्यायची राहिली, दुकानदाराने त्या पैशांसाठी घड्याळ कायदेशीरपणे ठेवून घेतलं आणि मालकाने त्याचं तारण बुडवायच्या हेतूने ते उचलून नेलं, तर ती चोरी होते. मालकाने स्वतःच्याच घड्याळाची केलेली चोरी. तुमची क्रेन म्हणजे तेच घड्याळ, फक्त काही टन वजनाचं. आज तक्रारदार तुम्ही आहात. रात्री किल्ली फिरवलीत की सकाळी आरोपी व्हाल.

मग गॅरेजवाल्याला गाडी अडवायचा अधिकार आहे का? आहे, पण तो सांगतो तेवढा नाही. करार कायदा, १८७२ चं कलम १७० सांगतं की ज्याने वस्तूवर मेहनत किंवा कौशल्य खर्च केलं, त्याला त्या कामाची रास्त मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. त्या कामाची, हे महत्त्वाचं. मागच्या वेळची ५,००० बाकी असताना त्याने एकदा गाडी तुमच्या ताब्यात दिली होती. त्या बाकीसाठी आता गाडी धरून बसता येत नाही, ती वसूल करायला त्याला वेगळा मार्ग आहे. कुठलीही जुनी बाकी दाखवून माल अडवण्याचा सरसकट हक्क कलम १७१ मध्ये बँकांसारख्या मोजक्या मंडळींना दिला आहे, त्यात गॅरेज नाही. (आम्हा वकिलांनाही अशिलाची फाइल फीसाठी अडवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं. आमच्यातल्या काहींना ते अजून पटलेलं नाही.) जागाभाडं आधी ठरलं नसेल तर तेही नाही, कारण गाडी त्याने स्वतःच्या पैशांसाठी थांबवली आहे, तुमच्या सोयीसाठी नव्हे. १८,००० पैकी फार तर ६,००० वर त्याचा हात चालतो, आणि तेही खोलून बघायला तुम्ही हो म्हटलं असेल तर.

तरीही मी तुम्हाला व्यवहारी सल्ला देतो. उद्याच लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर आणि स्पीड पोस्टानेही, की ६,००० द्यायला तयार आहे, गाडी सोडा. चार दिवस वाट बघा. नाहीच सोडली तर पूर्ण १८,००० भरा आणि पावतीवर किंवा त्याच दिवशीच्या मेसेजमध्ये लिहा : 'ही रक्कम हक्क राखून, केवळ गाडी सोडवण्यासाठी देत आहे.' पैसे रोख देऊ नका. ग्राहक आयोगाकडून अंतरिम आदेश मागता येतो, कायद्यात तशी सोय आहे. पण आदेश निघेपर्यंत तुमचा धंदा किती दिवस बसेल, हा हिशेब तुम्हीच मला करून दाखवाल.

आता मूळ दुखणं. मी मिस्त्री नाही. पण अशा गाड्यांच्या तक्रारी चालवून चालवून इंजिनाची थोडी भाषा कळायला लागली आहे. तुमच्या पत्रातली दोन वाक्यं मला बाकी सगळ्या पत्रापेक्षा मोलाची वाटली : 'मोकळी गाडी मस्त पळते' आणि 'अर्धा तास थांबलं की परत सुरू'. ओझं आलं की इंजिनाला जास्त डिझेल लागतं, आणि नेमकं तेव्हाच ते पुरत नाही, असा याचा एक अर्थ होऊ शकतो. टाकीतल्या ओढणीच्या पाइपची जाळी गंजाने किंवा गाळाने तुंबली असेल तर सपाटीवर भागतं, चढाला उपास पडतो. गाडी उभी राहिली की गाळ खाली बसतो, वाट मोकळी होते, गाडी पुन्हा सुरू. जुना रबरी पाइप आतून फुगला किंवा सांध्यातून हवा घेत असला तरी असाच त्रास होतो. हे तपासायला इंजिन उघडावं लागत नाही. टाकी बाजूला ठेवायची, स्वच्छ डिझेलचा कॅन बांधून त्यावरून इंजिन चालवायचं आणि मागे गाडी अडकवून चढ चढायचा. फीड पंपाच्या आधी पारदर्शक पाइपचा तुकडा घातला तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. कॅनवर गाडीने निमूट ओढलं, तर दोष टाकी ते पंप यांच्या मधे आहे आणि हेड उगाच उतरवलं गेलं. कॅनवरही तसंच झालं, तर तुमचा गॅरेजवाला कदाचित खरं बोलतोय, आणि तेही आपल्याला आधी कळलेलं बरं.

तुमचं प्रकरण या चाचणीवर उभं राहील किंवा पडेल. दुरुस्ती करूनही दोष राहिला, एवढ्याने सेवेतली कमतरता सिद्ध होत नाही. पंधरा वर्षांच्या इंजिनात निदान चुकू शकतं, डॉक्टरचंही चुकतं. पण दोन-चारशे रुपयांची साधी तपासणी न करता ५२,००० चं हेडकाम केलं असेल, तर वाजवी कौशल्य वापरलं नाही असं म्हणता येतं. म्हणून गाडी सुटल्यावर उत्साहाच्या भरात शेजारच्या मिस्त्रीकडून जाळी साफ करून घेऊ नका. ती साफ झाली की पुरावाही धुतला गेला. आधी गॅरेजवाल्याला तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून कळवा आणि हजर राहायला सांगा. मग एखाद्या पॉलिटेक्निकच्या ऑटोमोबाइल विभागातल्या शिक्षकाला किंवा परवानाधारक मोटार सर्व्हेअरला फी देऊन त्यांच्यासमोर चाचणी करा. व्हिडिओ सलग घ्या, सुरुवातीला नंबरप्लेट आणि किलोमीटर दाखवून. त्यांचा सहीचा अहवाल घ्या. काढलेली जाळी, पाइप, सगळं पिशवीत सीलबंद ठेवा. गॅरेजवाला आला नाही तरी हरकत नाही, बोलावलं होतं हे कागदावर असावं.

जुने नोझल, जुनं गॅस्केट परत मिळाले का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मिळाले नसतील तर आत्ताच लेखी मागा. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. चिठ्ठ्या कच्च्या असल्या तरी फेकू नका. त्या चिठ्ठ्या, यूपीआयचे व्यवहार आणि त्याचे व्हॉइस मेसेज जुळवून बसवता येतात. मेसेज पुरावा म्हणून द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, त्याचा मसुदा वकील करून देतील. फोन मात्र बदलू नका.

तुमच्यासमोर पहिला आक्षेप हा येईल की गाडी धंद्याची, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. घाबरू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून केलेल्या कामाला कायद्याने 'व्यापारी हेतू'तून वगळलं आहे. १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रिक्षा स्वतः चालवून पोट भरणाऱ्याचंच उदाहरण दिलं आणि मदतीला एक-दोघे असले तरी बिघडत नाही, असंही म्हटलं. भाचा हुकाला असणं इथे आड येत नाही. दुसरी गाडी घेऊन पगारी ड्रायव्हर ठेवला असता, तर मी इतक्या खात्रीने बोललो नसतो. गाडी पत्नीच्या नावावर आहे, तेव्हा तक्रार दोघांच्या नावे करा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्याच्या आयोगात ती करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने फी नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. पहिलं काम होऊन चौदा महिने झालेत. दहा महिने खूप वाटतात, पण ते कसे जातात ते मी रोज पाहतो.

बुडालेल्या धंद्याची भरपाई मागा, पण मोजून मागा. पावतीपुस्तक आणि बँकेचे उतारे दाखवतील तेवढीच. गाडी तीन महिने अडकू दिली आणि सगळ्या दिवसांचे पैसे मागितले, तर नुकसान कमी करायला तुम्ही काय केलंत, हा प्रश्न येणारच. मी वर १८,००० भरायला सांगितलं त्यामागे हेही कारण आहे. आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी पासिंग, म्हणजे फिटनेस प्रमाणपत्र, लागतं. ते मधल्या काळात संपलेलं असेल तर त्या दिवसांची कमाई मागताना अडचण होईल.

कारच्या ३५,००० बद्दल तुम्हाला आवडणार नाही असं सांगतो. गाडी चढाला मान टाकते हे चौदा महिने माहीत असताना तुम्ही ती घाटात घातलीत, मागे दुसऱ्याची गाडी अडकवून. ती गाडी तुमच्या ताब्यात होती, तिची काळजी घेणं तुमचं काम होतं. हे पैसे गॅरेजवाल्याकडून वसूल होतील असं धरून चालू नका. विम्याची पॉलिसी काढून वाचा, ओढल्या जाणाऱ्या गाडीचं नुकसान बहुतेकदा वगळलेलं असतं. त्या मालकाकडून दुरुस्तीचं खरं बिल मागा, भेटा आणि काही कमी-जास्त करून लेखी मिटवा.

फसवणुकीची केस आत्ता नको. न्याय संहितेच्या कलम ३१८ ला सुरुवातीपासूनचा फसवण्याचा हेतू लागतो. काम नीट न जमणं म्हणजे फसवणूक नव्हे, आणि पोलीस ठाण्यात तुम्हाला दिवाणी वाद म्हणून परत पाठवतील. न बदललेल्या नोझलचे पैसे घेतले असं अहवालात निघालं तर गोष्ट वेगळी, तेव्हा पुन्हा लिहा.

गाडी ताब्यात घेताना बूम, हूक, विंचची तार, बॅटरी, स्टेपनी आणि टाकीतल्या डिझेलचा काटा यांचे फोटो तिथेच, गॅरेजच्या आवारात काढा. हेड खोलून अर्धवट ठेवलं असेल तर तसंच लिहून घ्या आणि गाडी चालवत आणू नका. शिरवळकडच्या एखाद्या टोइंगवाल्याला बोलवा, भाड्याची पावती घ्यायला विसरू नका.