स्टीम डेकवर विंडोज टाकू का?

प्रश्न : दादा, माझ्याकडे २५६ जीबीचा स्टीम डेक, म्हणजे हातात धरून खेळायचा गेमिंग पीसी आहे, मामाने दुबईहून आणलेला. मुलुंड ते परळ रोजची ट्रेन, बसायला जागा मिळाली की खेळतो, मजा येते. पण ग्रुपमधले सगळे फोर्टनाइट आणि व्हॅलोरंटवर असतात आणि हे दोन्ही यावर चालत नाहीत. लॅमिंग्टन रोडला एक जण म्हणाला की आहे ती सिस्टिम उडवून विंडोज टाकून देतो. टाकू का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : उडवू अजिबात नकोस रे! डेकची मूळ सिस्टिम स्टीमओएस आहे तशी राहू दे आणि विंडोज वेगळ्या मेमरी कार्डवर टाक.

आधी हे गेम का चालत नाहीत ते बघ. स्टीमओएस म्हणजे आतून लिनक्स, प्रोटॉन नावाच्या सॉफ्टवेअरमुळे विंडोजचे ढीगभर गेम त्यावर मस्त चालतात, पण अँटीचीटला, म्हणजे चीटिंग पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला, तिथे चालायला गेमच्या कंपनीची परवानगी लागते. फोर्टनाइटवाल्या एपिकचं स्वतःचं ईझी अँटीचीट २०२१ पासून लिनक्सवर चालू शकतं, तरी फोर्टनाइटसाठी ते त्यांनी सुरू केलेलं नाही, याचा मला खरंच राग येतो. व्हॅलोरंटचा नाद सोड, विंडोज ११ वर त्याला सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टिम सुरू होऊ देणारी सेटिंग) लागतं आणि डेकवर ते जमवणं म्हणजे नसती उठाठेव.

म्हणजे फक्त फोर्टनाइटसाठी विंडोज. तेवढ्यासाठी आतली २५६ जीबी कापायची नाही, शिवाय डेक बनवणारी वाल्व्ह ड्युअल बूटला, म्हणजे एकाच डिस्कवर दोन सिस्टिम ठेवायला, सपोर्ट देत नाही, मग काही बिघडलं की तुझं तूच निस्तरायचं. चांगलं फास्ट २५६ जीबीचं कार्ड घे, कुणाच्यातरी विंडोज लॅपटॉपवर रूफस हे सॉफ्टवेअर उघड आणि त्यात विंडोज टू गो (थेट कार्डवरून चालणारं विंडोज) निवड, त्यातच आतल्या डिस्कला हात लावू नको असाही पर्याय येतो, तो नक्की टिक कर. वाल्व्हच्या साइटवरचे ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स, वायफाय, ब्लूटूथ, साउंड, कार्ड रीडर, आधीच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेव, नाहीतर वायफायच दिसणार नाही आणि सेटअप तिथेच अडकेल.

मग डेक पूर्ण बंद कर, व्हॉल्यूम कमीचं बटण दाबून धरून पॉवर दाब, आवाज आला की सोड, यादीतून कार्ड निवड. सेटअपची स्क्रीन आडवी पडलेली दिसेल, घाबरू नकोस, डेकचा पॅनेल मुळात उभाच आहे, नंतर सेटिंगमधून फिरवता येतो. बटणं गेमला कळायला विंडोजमध्येही स्टीम चालू ठेव आणि फोर्टनाइट त्यातूनच उघड.

कार्ड डेकच्या आतल्या एसएसडीपेक्षा बरंच स्लो, लोडिंगला वेळ लागणार. आणि स्टीमओएसमध्ये पॉवर दाबली की गेम तिथल्या तिथे झोपतो, घाटकोपरला गर्दी घुसली की बॅगेत टाकायचा, परत दाबला की तिथूनच सुरू, विंडोजमध्ये या झोपेचा भरवसा नाही. म्हणून ट्रेनमध्ये स्टीमओएस, फोर्टनाइट घरी चार्जर लावून, मी तरी असंच करेन.

अजून एक, विंडोजमध्ये घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. लिनक्स आतलं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं आणि विंडोज त्यालाच इथली वेळ समजतं. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत, टाइमझोनइन्फर्मेशनखाली रिअलटाइमइजयुनिव्हर्सल नावाची डीवर्ड नोंद करून १ टाक आणि रीस्टार्ट कर, मग दोन्हीकडे वेळ बरोबर दाखवेल.