बँकॉकचा एकच दिवस आणि आम्ही चौदा जणी

प्रश्न: ताई नमस्कार, आमच्या भिशी ग्रुपच्या चौदा जणी जानेवारीत थायलंडला चाललोय, नऊ जणी साठीच्या पुढच्या. बँकॉकला हातात एकच दिवस आहे आणि टूरवाल्याने त्यात नऊ ठिकाणं कोंबलीत, त्यातली दोन तर दुकानंच! काय ठेवू नि काय काढू, ग्रुपवर रोज वाद. (एक वाचक, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर: आधी ती दुकानं उडवा, अगदी भांडून. आमच्या ग्रुपला असंच रत्नांच्या शोरूममध्ये अर्धा तास म्हणून नेलं, दोन तास तिथेच गेले, एसी मस्त होता एवढंच, आणि नंतर ज्या देवळासाठी मी आले होते तिथे पोचलो तर गेट बंद. अजून चुटपुट आहे मला.

नऊ ठिकाणं म्हणजे नऊ वेळा चौदा जणींनी बसमधून उतरायचं नि नऊ वेळा चढायचं, आणि दर वेळी एक जण वॉशरूमला गेलेली असणारच. त्यापेक्षा चाओ फ्राया नदीचाच पट्टा धरा, तीन ठिकाणं, बास. ग्रँड पॅलेस, वाट फो, वाट अरुण. (तिकडे वाट म्हणजे देऊळ, आपल्याकडे लागते ती वेगळी.)

पॅलेस साडेआठला उघडतो, तेव्हाच गेटवर हजर राहा, दहानंतर ऊनही चढतं आणि गर्दीही. तिकीट ५०० बाथ. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, साडी किंवा सैल पंजाबी ड्रेस चालतो, टाइट लेगिंग्ज नको. बाहेर कोणी गोड बोलून म्हणालं की आज पॅलेस बंद आहे, चला माझ्या टुकटुकमधून, तर सरळ पुढे चालायला लागा.

आतला पाचूचा बुद्ध खरं तर हिरव्या जेडचा आहे, उंची जेमतेम ६६ सेंटिमीटर, आणि वर्षातून तीनदा ऋतूप्रमाणे त्याची वस्त्रं बदलतात, तेही परंपरेने राजाच्या हातून. पण मी म्हणेन त्या देवळाभोवतीच्या ओवरीत जास्त वेळ घाला. १७८ चित्रांत अख्खं रामायण रंगवलंय, तिकडे त्याला रामाकियन म्हणतात. आपण पंचवटीची माणसं, सीता गुंफेत वाकून शिरणारी, गाइड लागतच नाही! रावणाचं नाव तोत्सकान, म्हणजे दशकंठ, आणि तोच हिरव्या रंगात दारावर राखणीला उभा. मारुती पांढरा आणि ब्रह्मचारी मुळीच नाही, रावणाच्या मत्स्यकन्येच्या, सुवन्नमच्छाच्या प्रेमात पडतो, आमच्या एक काकू हे ऐकून पाच मिनिटं गप्पच होत्या. १७८२ मध्ये हे शहर राजधानी केलं त्या राजालाही पहिला राम म्हणतात, आणि शहराच्या लांबलचक नावात अयोध्यासुद्धा आहे.

वाट फो जवळच आहे, चालत जाता येतं. पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब, कुठूनही एका फोटोत नीट मावत नाही, तो नाद सोडा आणि तळपायांपाशी जाऊन उभ्या राहा. शिंपल्याचं चमचमतं जडावकाम, १०८ शुभचिन्हं. पाठीमागच्या बाजूला रांगेने १०८ वाट्या आहेत, तिथेच सुटी नाणी मिळतात, एकेक टाकत जायचं, चौदा जणी ओळीने टाकत गेल्या की जो टणटण आवाज होईल तो ऐकाच.

मग ता तिएनच्या धक्क्यावरून होडीने समोर वाट अरुण, पैसे अगदी किरकोळ. लांबून दगडी नक्षी वाटते, जवळ गेलं की कळतं ही तर चिनीमातीच्या बशा-वाडग्यांच्या तुकड्यांची फुलं! पायऱ्या उभ्या आहेत, गुडघेवाल्यांनी खालीच बसावं, हट्ट नको. उजेड असतानाच बघून अलीकडे परत या, नाव अरुण असलं तरी खरं दिसतं संध्याकाळी, नदीच्या या काठावरून.

जेवणाचं विचारलं नाहीत पण सांगते, नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही, भाजीतही माशाचा सॉस घालतात. पिवळ्यावर लाल अक्षरात 'जे' लिहिलेली पाटी शोधा, ते पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूणही नाही. आणि दशम्या घेऊन जाच, चटणीसकट.