नव्या शिक्षणसेवक मॅडमना चार गोष्टी

मॅडम, द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी तुमच्याकडे आली, तर सोमवारी फार अपेक्षा ठेवू नका. निम्मी पोरं परिपाठालाच पेंगतात. तो दिवस गाणी-गोष्टींचा, नवा पाठ मंगळवारी.

दोन वर्ग एकत्र सांभाळताना एकाच्या हाताला काम द्या, मगच दुसऱ्याकडे वळा. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधायला दिले की दुसरीवाले गुंगून जातात. दशक त्यातूनच कळतं, फळ्यावर कितीही १० लिहा. 'सत्तावीस' म्हटल्यावर पोरगं दोन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या पुढे सरकवतं का, बघा. तोवर हातच्याची बेरीज काढूच नका, अभ्यासक्रम मागे पडला तरी चालेल.

पोषण आहाराची नोंद त्याच दिवशी. पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ. हजेरीशी हिशेब जुळलाच पाहिजे. खिचडी वाढण्याआधी चव घ्या, रजिस्टरमध्ये नोंदवा.

शनिवारी सकाळची शाळा असली, तर दारात उभ्या राहा. शेतावर निघालेल्या आया तेव्हाच भेटतात, पालकसभेला नाही. आणि 'तात्काळ माहिती पाठवा'चे मेसेज मधल्या सुट्टीत बघा. केंद्रप्रमुख तेवढं थांबतात.