बी.ए.ला अर्थशास्त्र घेणार असशील तर गणित सोडू नकोस

गणित आणि संख्याशास्त्र पहिल्याच वर्षी पदरात पाडून घे. मेजरमध्ये (मुख्य विषयात) सूक्ष्म (ग्राहक, कंपनी, बाजार यांचं) आणि समग्र (पूर्ण देशाचं) अर्थशास्त्र येणारच. खरी निवड असते मायनर (दुय्यम विषय) आणि ओपन इलेक्टिव्हची (आवडीने निवडायचा इतर विषय). तिथे 'गुण देणारा' सोपा विषय घेतला, तर पुढे अर्थमितीत (आकडेवारीने आर्थिक संबंध मोजण्याच्या विषयात) रिग्रेशन, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी असलेला संबंध आकड्यांत मांडण्याचं तंत्र, समोर आलं की हातपाय गळतात. एम.ए.च्या चांगल्या प्रवेशपरीक्षांत कॅल्क्युलसही विचारतात.

सूक्ष्ममध्ये पाठांतर घात करतं. मागणीची लवचीकताच बघ, म्हणजे किंमत एक टक्का बदलली की मागणी किती टक्के बदलते ते. किंमत २० वरून २२ रुपये झाली आणि मागणी १०० वरून ८५ नगांवर आली. म्हणजे किंमत १० टक्के वाढली, मागणी १५ टक्के घटली, लवचीकता १.५ (चिन्ह ऋण, ते विसरू नकोस). विक्रीचे पैसे २,००० वरून १,८७० रुपयांवर घसरले. व्याख्या तोंडपाठ असलेली मुलंही इथे मागणी वक्राचा (किंमत आणि मागणी दाखवणाऱ्या रेषेचा) उतार आणि लवचीकता एकच समजतात. सरळ रेषेवर उतार सगळीकडे सारखाच असतो, लवचीकता मात्र बिंदूगणिक बदलते. आकृती रोज हाताने काढ. किंमत उभ्या अक्षावर.

तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट (प्रत्येक विषय पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक) लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. दर सेमिस्टरचा फॉर्म भरण्याआधी ते मोजून बघ.