दाबाची लक्षणे आणि बंदुकीची दारू

प्रश्न असा आहे. पुण्यातील एक अनुवादक रायफलीची काडतुसे घरी हाताने भरण्याविषयीच्या एका अमेरिकी पुस्तिकेचा मराठी अनुवाद करीत आहेत. तिच्यात ‘प्रेशर साइन्स’ (pressure signs), म्हणजे काडतुसातील वायूचा जोर धोक्याइतका वाढल्याचे सुचविणाऱ्या गोष्टी, या विषयावर एक प्रकरण आहे. त्यांनी त्यासाठी ‘दबावाची चिन्हे’ असे लिहिले असून ते बरोबर आहे का, अशी विचारणा केली आहे. सोबत त्यांनी अनुवादाची काही पानेही पाठविली आहेत.

दोन्ही शब्द बदलावेत. मराठीत दबाव माणसावर येतो: मंत्र्यावर पक्षाचा, साक्षीदारावर आरोपीचा. हवेला, पाण्याला आणि रक्ताला असतो तो दाब. कोणताही डॉक्टर ‘रक्तदबाव’ म्हणत नाही. तरीही बातम्यांत ‘कमी दबावाचा पट्टा’ दर पावसाळ्यात ऐकू येतो आणि दर वेळी मला त्याचा मनापासून त्रास होतो. काडतुसातील वायूचाही दाबच असतो. .३०८ विंचेस्टर या काडतुसासाठी अमेरिकी शस्त्रउत्पादकांच्या ‘सामी’ या संस्थेने त्याची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला ६२,००० पौंड ठरविली आहे. मोटारीच्या टायरमध्ये हाच आकडा साधारण तीस-पस्तीस असतो.

आता ‘चिन्हे’. चिन्ह कोणीतरी मुद्दाम योजलेले असते, जसे विरामचिन्ह किंवा निवडणूक चिन्ह. माझे एक जाणकार स्नेही येथे ‘खुणा’ हा शब्द सुचवितात, तोही मला मान्य नाही, कारण खूण ज्याची असते त्याची ती असते आणि तिच्याबद्दल शंका उरत नाही. येथे तर शंका हाच सगळा विषय आहे. दाब मोजण्याचे यंत्र घरी नसल्यामुळे भरणारा माणूस झाडलेली रिकामी पुंगळी, म्हणजे काडतुसाचे पितळी नळकांडे, हातात घेऊन तिचे बूड निरखतो. बुडात बसविलेल्या प्राइमरची, म्हणजे दारू पेटविणाऱ्या टोपीची, कड गोलसर असून तिच्याभोवती बारीक चर दिसत असेल, तर त्याला बरे वाटते. तीच कड पसरून चर बुजला असेल, फायरिंग पिनच्या (प्राइमरवर आपटणाऱ्या खिळीच्या) खळग्याभोवती धातूची कडा उचलली गेली असेल, बोल्टची (रायफलीची नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याची) मूठ वर उचलताना जोर लावावा लागला असेल किंवा बुडावरच्या अक्षरांवर चकचकीत चट्टा उमटला असेल, तर तो थांबतो आणि दारूचे माप कमी करतो. चट्टा उमटतो, कारण अतिदाबाने बुडाचे पितळ बोल्टमधील इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीच्या) भोकात दाबले जाते आणि बोल्ट फिरताना तेथे घासले जाते. मात्र प्राइमरचा पत्रा मऊ असला तरी तो चपटा होतो, फायरिंग पिनचे भोक मोठे असले तरी तशीच कडा उचलली जाते. उलट यांतले काहीही दिसत नसताना दाब मर्यादेबाहेर गेलेला असू शकतो. ताप आला म्हणजे अमुकच रोग, असे जसे म्हणता येत नाही, तसेच हे आहे. अशा वेळी मराठी माणूस आपसूक म्हणतो, ‘लक्षण काही ठीक दिसत नाही.’ म्हणून ‘दाबाची लक्षणे’.

‘लक्षण’ हा वैद्यकाकडचा शब्द येथे शोभण्याचे आणखी एक कारण आहे आणि माझ्या दृष्टीने तेच मुख्य आहे. पाठविलेल्या पानांत बंदुकीच्या दारूसाठी सर्वत्र ‘पावडर’ लिहिले आहे. ‘दारू’ लिहिल्यास वाचक हसतील, अशी भीती अनुवादकांनी व्यक्त केली आहे. ही भीती मला समजते. सिंहगडावर पुणे दरवाज्याने आत गेल्यावर दारूकोठाराची दगडी इमारत लागते आणि तिच्यासमोर उभे राहून बाटलीचे विनोद करणारी तरुण मंडळी मी अनेकदा पाहिली आहेत. त्या कोठारावर १७५१ मध्ये वीज कोसळली होती, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. दारू हा फार्सी शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ औषध. ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अर्थ आजही शाबूत आहे. बाटलीतली दारू आणि बंदुकीतली दारू या दोघी त्या औषधाच्याच लेकी. आश्चर्य असे की, हे नाते केवळ आपल्याकडे नाही. कन्नडमध्ये ‘मद्दु’ म्हणजे औषध आणि बंदुकीची दारूही. तमिळमध्ये ‘मरुंदु’ याचेही हेच दोन अर्थ. मल्याळममध्ये ‘वेडिमरुन्नु’ म्हणजे बंदुकीच्या बाराचे औषध. आणि जेथे ही दारू प्रथम तयार झाली त्या चीनमध्ये तिचे नाव ‘हुओयाओ’, अर्थात अग्नीचे औषध. तेथील किमयागार आयुष्य वाढविणाऱ्या औषधांच्या शोधात गंधक आणि शोरा (पोटॅशियम नायट्रेट) हाताळत होते. माझी अशी धारणा आहे की, वस्तू देशोदेशी गेली तेव्हा शब्द बदलले, पण कल्पना तीच राहिली. वजन करून, कुटून, मिसळून, मोजक्या मात्रेत द्यायची ती पूड पाहून कोणालाही वैद्याचा खलबत्ताच आठवला असणार.

काही व्युत्पत्तिकार ही दारू संस्कृत ‘दारु’, म्हणजे लाकूड, या शब्दापासून काढतात आणि काळ्या दारूत, म्हणजे धूर करणाऱ्या जुन्या बंदुकीच्या दारूत, कोळसा असतो, असा पुरावा देतात. हा पुरावा कच्चा आहे. शंभर भाग काळ्या दारूत कोळसा जेमतेम पंधरा भाग आणि शोरा पंचाहत्तर. नाव ठेवायचेच होते, तर ते शोऱ्यावरून ठेवले असते. शिवाय ‘दवादारू’तल्या दारूत कोळसा कोठून आणणार? फार्सी शब्दाचे मूळही झाडाशी जोडले जाते, तेवढे मी आनंदाने मान्य करतो; परंतु ते झाड मुळ्या आणि साली देणारे आहे, कोळसा देणारे नव्हे.

तेव्हा अनुवादकांनी ‘पावडर’ काढून निःसंकोच ‘दारू’ लिहावे. अडखळण्याची शक्यता वाटल्यास पहिल्या उल्लेखात ‘बंदुकीची दारू’ म्हणावे. पुस्तिकेतली दारू आधुनिक असल्यामुळे एकदा ‘बिनधुराची दारू’ असाही खुलासा करावा. ‘केस’साठी त्यांनी ‘कवच’ योजले आहे, तेथे पोलिसांच्या पंचनाम्यातला ‘पुंगळी’ हा शब्द घ्यावा. आणि ‘डोस’ या अर्थी दारूच्या मापाला ‘मात्रा’ म्हणता येईल का, हे त्यांनी समासात पेन्सिलीने विचारले आहे, त्याला माझे उत्तर होय असे आहे.