मेश वायफाय (घरभर ठेवलेल्या अनेक छोट्या यंत्रांचं मिळून एक वायफाय) लावल्यापासून लॅपटॉपला प्रिंटर दिसत नाही, इंटरनेट मात्र दोन्हीकडे चालतं. असं का?

बहुधा प्रिंटर अजून फायबरच्या जुन्या राउटरवरच आहे आणि लॅपटॉप मेशवर, म्हणजे घरात दोन वेगळी नेटवर्कं झाली आहेत. दोघांचे आयपी पत्ते (नेटवर्कवरचे त्यांचे क्रमांक) बघा: एक १९२.१६८.१.२३ आणि दुसरा १९२.१६८.६८.४० असा काही निघाला, तर हेच कारण. प्रिंटर शोधण्यासाठी लॅपटॉप जी हाक मारतो ती राउटर ओलांडून जात नाही. प्रिंटर मेशच्या वायफायला जोडा आणि जुन्या राउटरचं वायफाय सरळ बंद करून टाका. केबलवरची उपकरणं जुन्या राउटरलाच ठेवायची असतील, तर मेशच्या अ‍ॅपमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड निवडा, म्हणजे मेश स्वतःचं वेगळं नेटवर्क न करता जुन्या राउटरचंच नेटवर्क पुढे पसरवेल. पत्ते एकाच मालिकेतले (पहिले तीन आकडे सारखे) असूनही प्रिंटर दिसत नसेल, तर मात्र दोघांपैकी कुणी गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर, नाही ना ते तपासा. तिथली उपकरणं बहुतेक वेळा मुद्दामच एकमेकांपासून तोडलेली असतात.