वर्गात मुलगी अचानक गप्प होते तेव्हा

प्रश्न : मी आठवीला गणित शिकवते. पाचवीत सगळ्यांआधी हात वर करणारी एक मुलगी आता विचारलं की मान खाली घालते. वही मात्र चोख असते. काय करू?

वही चोख आहे म्हणजे विषय कळतोय; भीती आहे ती चारचौघांत चुकण्याची. "बोल ना, घाबरतेस काय?" म्हटलं की सगळा वर्ग तिच्याकडे वळून बघतो आणि ती आणखी मिटते. त्यापेक्षा प्रश्न विचारून तीन ते पाच सेकंद थांबा. बहुतेक वेळा आपण सेकंदभरात दुसऱ्याकडे वळतो. दोन मिनिटं सगळ्यांना उत्तर वहीत लिहू द्या, मग बाकावरच्या जोडीदाराला सांगू द्या. फिरताना तिचं उत्तर बरोबर दिसलं तर हळूच सांगा, "हे तुला विचारणार आहे." कौतुक नेमकं असावं : "आधी आकृती काढलीस, म्हणून चूक सापडली." नुसतं "हुशार आहेस" म्हटलं की तो शिक्का टिकवायची धास्ती बसते.

ती सतत दमलेली, फिकट वाटते का, हेही बघा. ॲनिमियातही मुली अशाच मलूल होतात. शाळेत आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ती रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं आणि मुली पुढची गोळी गुपचूप टाकून देतात. म्हणून ती जेवणानंतर, तुमच्यासमोर घेऊ द्या. लगेच चहा नको.

प्रश्न : पाळी आली की माझी लेक दोन दिवस दांडी मारते.

"का" हे तिलाच विचारा. बहुतेकदा कारण शाळेच्या स्वच्छतागृहात सापडतं : कडी नाही, पाणी नाही, पॅड टाकायला झाकणाचा डबा नाही. पॅड चार ते सहा तासांनी बदलावं लागतं, म्हणजे शाळेच्या वेळेत निदान एकदा. हे पालकसभेत स्पष्ट मांडा, यात लाजण्यासारखं काही नाही. दप्तरात दोन पॅड, एक निकर आणि जुने कागद असलेली छोटी पिशवी कायम ठेवा. दुखण्यामुळेच दर महिन्याला शाळा बुडत असेल तर डॉक्टरांना दाखवा. सरकारी रुग्णालयांतली मैत्री क्लिनिकं 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठीच आहेत.

प्रश्न : नववीतल्या मुलीच्या मनगटावर कापल्याच्या खुणा दिसल्या. "घरी सांगू नका," म्हणते. मी वर्गशिक्षक आहे.

तसं वचन देऊ नका. तिला सांगा, "हे मी वर्गात किंवा स्टाफरूममध्ये बोलणार नाही. पण तुला सुरक्षित ठेवायला लागतील तेवढ्या माणसांना सांगावं लागेल, आणि कोणाला सांगणार ते आधी तुला कळेल." शांत जागी बसा, तिच्या विश्वासातल्या बाई असतील तर त्यांना सोबत घ्या. "आईबापाचा विचार नाही केलास?" हे वाक्य कटाक्षाने टाळा. आधीच अपराधी वाटणाऱ्या मुलीला ते अजून ढकलतं. शपथाही घालू नका. ती कापणं थांबवत नाही, लपवायला शिकते.

मग सरळ विचारा : "मरून जावं असं मनात येतं का?" विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" असेल किंवा ती टाळत असेल, तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी घरच्यांसोबत रुग्णालय गाठा. टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो.

घरी फोन लावण्याआधी मात्र त्रास घरातूनच आहे का, हे जाणून घ्या. लैंगिक अत्याचाराची शंका जरी आली, तरी 2012च्या पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कायद्यानुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. शाळेने आपापसांत मिटवणं हा गुन्हा ठरतो. अशा वेळी 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरूनही मदत मिळते.

ती पुन्हा शाळेत येऊ लागली की एकाच शिक्षकाने रोज दोन मिनिटं तिच्याशी बोलावं, खुणांबद्दल नव्हे, डबा, अभ्यास, झोप याबद्दल. रोज हात तपासू नयेत. आणि बुडालेल्या चाचण्यांची तारीख तिच्याशी बोलूनच ठरवावी.